खेळाचे केंद्र आणि मुलांचे मानसिक आरोग्य : गावपातळीवर सुरुवात कशी करावी?

ग्रंथालय-कार्यवाह (प्रश्न)

नमस्कार. मी एका बाजारपेठेच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह आहे. गावाची लोकसंख्या नऊ हजारांच्या आसपास असून येथे दोन माध्यमिक शाळा आणि एक कनिष्ठ महाविद्यालय आहे. आमचे वाचनालय 'ब' वर्गाचे आहे. त्याला लागून एक सभागृह आणि मागे सुमारे दहा गुंठे मोकळी जागा आहे. व्याख्यानमालेचे पाच दिवस आणि अधूनमधून होणारे सत्कार समारंभ सोडले तर सभागृह वर्षभर कुलूपबंद असते, आणि मागच्या जागेत एका मंडपवाल्याचे बांबू पडून असतात. या जागेत दहा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी रोज संध्याकाळी दोन तासांचे केंद्र सुरू करावे, तेथे खेळ, वाचन, चित्रकला असे सारे असावे आणि त्या ओघातच मुलांच्या मनाच्या आरोग्याकडेही कोणाचे तरी लक्ष असावे, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे.

हा विचार मनात येण्याचे कारण सांगतो. आमच्या बालविभागात चौथीपासून नियमित येणारा एक मुलगा दोन वर्षांपूर्वी दहावीच्या निकालानंतर यायचा थांबला. त्याच्याकडे एक पुस्तक राहिले होते. मी नियमाप्रमाणे त्याच्या घरी स्मरणपत्र पाठवले, महिन्याने दुसरे पाठवले आणि त्याचे वाचक-कार्ड टेबलाच्या खणात बाजूला काढून ठेवले. पुढे समजले की तो त्या काळात घराबाहेरच पडत नव्हता, जेवण जवळजवळ तुटले होते आणि रात्र रात्र जागा असे. घरच्यांनी आधी त्याला आळशी ठरवले, मग दृष्ट काढली, मग नवस बोलले, आणि सहा महिन्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे नेले. तो आता बरा आहे आणि आयटीआयला जातो. मात्र त्या सहा महिन्यांत त्याच्या दारापर्यंत पोहोचलेली माझी गोष्ट म्हणजे दोन स्मरणपत्रे होती, आणि हे मला फार लागले आहे.

अडचणी अनेक आहेत. कार्यकारिणीतील काही सदस्यांना 'मानसिक आरोग्य' हे शब्द फलकावर नकोत, कारण त्यांच्या मते पालक मुलांना पाठवणार नाहीत. काहींना उलट वाटते की हे शब्द लपवले तर आपणच लाजेला खतपाणी घालू. आमच्याकडे कोणी प्रशिक्षित माणूस नाही. सातवी-आठवीनंतर मुली वाचनालयातही दिसेनाशा होतात, त्यांना केंद्रात कसे आणावे हे कळत नाही. एखाद्या मुलाने काही गंभीर सांगितले तर आपण काय करायचे, याची मला सर्वांत अधिक धास्ती आहे. आणि शेवटी पैशाचा प्रश्न आहेच. ज्यांनी असे काम जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त क्रीडाशिक्षक

कार्यवाह महोदय, आपला प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले आणि त्याआधी लहानपणी राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत वाढलो. सेवा दलाची स्थापना १९४१ ची. आमच्या गावची शाखा माझ्या वडिलांच्या पिढीपासून चालत होती. तेथे कोणी आम्हाला मनाबद्दल एक शब्दही शिकवला नाही. परंतु संध्याकाळी ठरलेल्या वेळी शिट्टी वाजायची, आणि जो आला नाही त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी कोणीतरी जाऊन 'काल का आला नाहीस?' एवढे विचारायचे. आज मागे वळून पाहताना मला वाटते की त्या शाखेचे अर्धे सामर्थ्य या एका प्रश्नात होते. आपण स्मरणपत्र पाठवले ते पुस्तकासाठी होते. तेच पाऊल मुलासाठी उचलायचे आहे, आणि त्यासाठी आपल्याला फक्त एक हजेरीवही व सायकल लागेल.

म्हणून माझा पहिला आग्रह नियमिततेचा आहे. केंद्र आठवड्यातून तीनच दिवस चालवा, पण त्या तीन दिवसांत पाऊस असो, जत्रा असो, सभागृहात सत्कार असो, दार ठरल्या वेळी उघडलेच पाहिजे. घरात रोज भांडण ऐकणाऱ्या मुलाला जगातली एक तरी गोष्ट वेळेवर घडते हे पाहण्याची फार गरज असते. पहिल्या महिन्यात दोनदा कुलूप दिसले की अशी मुले तिसऱ्यांदा येत नाहीत, आणि नेमकी तीच मुले आपल्याला हवी असतात.

दुसरा आग्रह खेळांच्या निवडीचा. क्रिकेट बंद करा असे मी म्हणणार नाही, परंतु क्रिकेटला मोकळे सोडले तर चार दांडगी मुले सारे मैदान ताब्यात घेतात आणि बाकीची सीमारेषेवर चेंडू आणायला उभी राहतात. लंगडी, लगोरी, खो-खो, आट्यापाट्या हे खेळ या दृष्टीने फार शहाणे आहेत. लंगडीत उंच आणि जाडजूड मुलगा लवकर दमतो, तर एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेली बारकी मुलगी तीन-चार जणांना सहज बाद करते. लगोरीत सात ठिकऱ्या रचायला थंड डोक्याचा माणूस लागतो, त्यामुळे धावण्यात मागे असलेल्यालाही मान मिळतो. आट्यापाट्यांना तर साहित्यच लागत नाही. एक पोते फक्की आणि सुतळी पुरते. फक्कीने रेषा आखण्याचे काम मुलांनाच द्यावे. हातात फक्कीचे डबडे घेऊन वाकून चालणाऱ्या मुलाला मैदान आपले वाटू लागते, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे.

एक अनुभव सांगतो. शाळेनंतर मी चालवत असलेल्या वर्गात आठवीतला एक मुलगा यायचा, तो कधीच खेळायचा नाही. कॅरमच्या टेबलापाशी उभा राहून बोर्डावर पावडर टाकायची, ती तळहाताने सारखी करायची आणि सोंगट्या मांडून द्यायच्या, एवढेच तो करत असे. सहकारी म्हणाले की याला बळेच खेळायला बसवा. मी बसवले नाही. सुमारे तीन आठवड्यांनी एक जोडीदार कमी पडला तेव्हा तो आपण होऊन बसला, आणि त्यानंतर आणखी महिन्याभराने, बोर्ड पुसता पुसता, माझ्याकडे न पाहता, त्याने मला घरची हकिगत सांगितली. मूल समोरासमोर खुर्चीवर बसवले की गप्प होते, आणि हात कशात तरी गुंतलेले असले की बोलते. समुपदेशनाची वेगळी खोली करायची असल्यास जरूर करा, पण त्या खोलीत एक कॅरम बोर्ड ठेवा.

आणि स्पर्धा भरवण्याची घाई करू नका. पहिले वर्ष तरी ढाली, चषक, पाहुणे यांपासून दूर राहावे. स्पर्धा आली की मैदानात नऊ जण खेळतात आणि चाळीस जण कडेला बसतात.

ग्रामीण रुग्णालयातील समुपदेशिका

सरांचा कॅरम बोर्डाचा अनुभव मी माझ्या कामातही घेतला आहे, त्यामुळे तो भाग पुन्हा लिहीत नाही. मी एका ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी असलेल्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये काम करते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. तो १० ते १९ वयोगटासाठी आहे, आणि पोषण, प्रजनन आरोग्य, व्यसने यांबरोबर मानसिक आरोग्य हा त्यातला एक मुख्य विषय आहे. आपल्या जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात असे क्लिनिक आहे का, याची चौकशी सर्वांत आधी करावी. गावकऱ्यांना बहुधा ते ठाऊक नसते, कारण ते रुग्णालयाच्या एखाद्या कोपऱ्यातल्या खोलीत असते आणि किशोरवयीन मुले रुग्णालयाची पायरी चढायला धजत नाहीत. खरे सांगायचे तर आपल्यासारख्या केंद्राची आम्हालाच अधिक गरज आहे. आमच्याकडे सेवा आहे पण मुले येत नाहीत, आणि आपल्याकडे मुले येतील.

फलकावर काय लिहावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. केंद्राचे नाव खेळाचे व वाचनाचे असावे आणि ते तसेच चालावे. त्यात लपवाछपवी मुळीच नाही, कारण मुले खरोखरच तेथे खेळायला येणार आहेत. मात्र आत भिंतीवर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, 'मन अस्वस्थ असेल तर अमुक वाराला अमुक ताईंशी बोलता येईल' असे साध्या शब्दांत लिहिलेले असावे आणि त्याखाली दोन क्रमांक ठळक असावेत. एक टेली मानसचा १४४१६. ही मानसिक आरोग्यासाठी फोनवरून सल्ला देणारी केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येते. दुसरा १०९८, संकटातील मुलांसाठीचा. या सेवेची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईतच झाली होती. पालकांच्या सभेतही हा विषय मोकळेपणाने मांडावा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले होते. आपल्या केंद्रात साठ मुले आली तर त्यांतल्या चौघांना उपचारांची गरज असू शकते, असे सांगितले की पालकांना तो आकडा आपल्या गल्लीतला वाटतो.

एक गोष्ट मात्र कृपया करू नये. पहिल्याच आठवड्यात सर्व मुलांकडून 'तुम्हाला उदास वाटते का' अशा प्रश्नावल्या भरून घेण्याचा मोह अनेक संस्थांना होतो. एका शाळेत असे झाले, आणि भरलेले कागद शिक्षककक्षातील टेबलावर दोन दिवस उघडे पडून होते. त्यातल्या एका मुलीचे उत्तर वर्गभर झाले. ती मुलगी नंतर माझ्याकडे आली तेव्हा पहिले तीन आठवडे एक अक्षर बोलली नाही. ज्या माहितीचे पुढे काय करायचे हे आपल्याजवळ ठरलेले नाही, ती माहिती मुलांकडून मागूच नये.

आता आपल्या धास्तीबद्दल. सामान्य स्वयंसेवकाने उपचार करायचे नसतात, त्याने बदल ओळखायचा असतो: खेळणारे मूल सलग दोन-तीन आठवडे कोपऱ्यात बसते, झोप व भूक बिघडल्याचे सांगते, क्षुल्लक कारणाने मारामारी करते, अंगावर कापल्याच्या खुणा दिसतात, आपल्या आवडत्या वस्तू मित्रांना वाटून टाकते. अशा वेळी बाजूला घेऊन शांतपणे विचारावे, आणि मरणाचे विचार मनात येतात का हेही स्पष्ट शब्दांत विचारावे. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार घातला जातो हा समज चुकीचा आहे. उलट ज्याच्या मनात तो आधीच घोळत असतो त्याला कोणीतरी विचारले याचाच मोठा सुटकारा वाटतो. उत्तर 'हो' आले तर त्या मुलाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी घरातील समजूतदार व्यक्तीला बोलवावे आणि रुग्णालयात न्यावे. पोलिसांचे लचांड मागे लागेल या भीतीने अनेक कुटुंबे प्रयत्न लपवतात. त्यांना सांगावे की मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करण्याऐवजी उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे.

मुलांना 'तू सांगितलेले मी कोणालाही सांगणार नाही' असे वचन कधीही देऊ नये. 'तुझ्या जिवाला धोका असेल किंवा तुला कोणी त्रास देत असेल तर मला योग्य माणसांना सांगावे लागेल, पण तुला विचारून आणि तुझ्याबरोबर राहून सांगेन', असे सुरुवातीलाच म्हणावे. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यास पोक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'गावातले प्रकरण गावात मिटवू' असे म्हणणारी माणसे अशा वेळी हमखास पुढे येतात, म्हणून हा मुद्दा कार्यकारिणीच्या ठरावात आधीच लिहून ठेवावा.

आठवीतील मुलीची आई

मी तज्ज्ञ नाही, परंतु मुलींबद्दलचा प्रश्न वाचून लिहावेसे वाटले. आमच्या शेजारच्या गावात एका महिला मंडळाने असे केंद्र चालवले आणि माझी मुलगी तेथे दोन वर्षे जाते आहे. पहिल्या वर्षी मुली येत नव्हत्या तेव्हा सर्वांनी पालकांच्या मानसिकतेला दोष दिला. प्रत्यक्षात कारणे फार साधी होती. स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती. केंद्र सातला सुटायचे आणि थंडीत साडेसहालाच अंधार पडायचा. मैदानाच्या कठड्यावर मोठी मुले मोबाईल घेऊन बसलेली असायची, आणि त्यांच्यासमोर धावायला वयात आलेल्या मुलींना संकोच वाटायचा, जो मला अगदी रास्त वाटतो.

मंडळाने कडी बसवली, पाण्याची बादली व सॅनिटरी पॅडचा डबा ठेवला, वेळ साडेचार ते सहा केली, आणि एकाच वाटेने जाणाऱ्या मुलींच्या टोळ्या करून दिल्या. आठवड्यातील एक दिवस मैदान केवळ मुलींचे ठरवले. त्या दिवशी दोन-तीन आयाही खेळायला उतरतात, कारण आमच्यापैकी अनेकींनी लग्नानंतर खो-खोचा खांबसुद्धा पाहिला नव्हता. मी स्वतः पहिल्या दिवशी साडीचा पदर खोचून खांबाला हात लावला तेव्हा माझी मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. त्या रात्री तिने मला पहिल्यांदा तिच्या वर्गातील चिडवाचिडवीबद्दल सांगितले. माझी आई आजही म्हणते की मोठ्या मुलीने मैदानावर जाऊ नये. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा मी तिला एकदा सोबत घेऊन गेले आणि कडेला खुर्ची टाकून बसवले. ती आता डबा घेऊन येते.

अभ्यास बुडेल असे वाटणाऱ्या पालकांसाठी मंडळाने शेवटची वीस मिनिटे गृहपाठाला ठेवली होती. ती फार उपयोगी पडली, विशेषतः ज्यांच्या घरी बसायला जागा नाही त्या मुलांना.

ग्रंथालय-कार्यवाह

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. स्वच्छतागृहाच्या कडीबद्दल वाचून मी लगेच जाऊन पाहिले. आमच्याकडेही ती मोडलेली आहे आणि गेली कित्येक वर्षे आम्हा पुरुष पदाधिकाऱ्यांपैकी कोणाच्याही ते लक्षात आलेले नाही. ताई, आपण लिहिले नसते तर पुढेही आले नसते.

एक शंका उरते. केंद्राची रोजची जबाबदारी कोणावर सोपवावी? आमच्या दोन्ही शाळांतील एकेक शिक्षक मानधनावर यायला तयार आहेत. दुसरीकडे गावातच समाजकार्याची पदवी घेतलेली एक मुलगी आहे, पण तिला अनुभव नाही. कार्यकारिणीचा कल साहजिकच शिक्षकांकडे आहे.

गोव्यातील कार्यकर्ता

मी मूळचा सावंतवाडीचा, सध्या पणजीजवळ राहतो आणि किशोरवयीन मुलांच्या कार्यक्रमांत बरीच वर्षे काम केले आहे. आपल्या शेवटच्या शंकेला सुदैवाने एक चांगले उत्तर उपलब्ध आहे. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सत्तरहून अधिक माध्यमिक शाळांत एक मोठी चाचणी घेतली होती. शाळेचे वातावरण सुधारणारा एकच कार्यक्रम काही शाळांत तेथल्याच शिक्षकांनी राबवला आणि काही शाळांत त्यासाठी स्वतंत्रपणे नेमलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या व्यक्तीने. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वतंत्र व्यक्ती असलेल्या शाळांत मुलांमधील दादागिरी, मारहाण आणि उदासीनतेची लक्षणे स्पष्टपणे कमी झाली होती. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत मात्र काही फरक दिसला नाही.

याचा अर्थ शिक्षक वाईट असतात असा कोणी काढू नये. त्यांच्यावर आधीच अभ्यासक्रमाचे, निवडणुकीचे, जनगणनेचे ओझे असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जो माणूस सकाळी वर्गात गुण देतो त्याच्यापाशी संध्याकाळी मूल मन मोकळे करत नाही. माझा सल्ला असा की त्या पदवीधर मुलीला घ्यावे, तिला महिन्यातून दोनदा समुपदेशिका ताईंसारख्या जाणत्या व्यक्तीबरोबर बसून कामाची चर्चा करता येईल अशी सोय करावी, आणि शिक्षकांना खेळ व ग्रंथालय यांसाठी बोलवावे. ही महिन्यातली दोन दिवसांची चर्चा खर्चात कापली जाणारी पहिली बाब असते, आणि ती कापली की दोन-तीन महिन्यांत कार्यकर्ती एकटी पडते व थकून सोडून जाते. मी हे दोन ठिकाणी घडताना पाहिले आहे.

क्रीडाशिक्षक सरांच्या म्हणण्यात मी थोडी भर घालतो. खेळाने मन मोकळे होते हे खरे, पण काही मुलांना त्यापुढे एक साधी पद्धतही हाताशी द्यावी लागते. याच संस्थेने दिल्लीतील सरकारी शाळांत समस्या सोडवण्याची एक छोटी पद्धत वापरली. अडचण नेमक्या शब्दांत मांडायची, तिच्यावर सुचतील तेवढे पर्याय लिहायचे, त्यातला एक निवडून करून पाहायचा आणि पुन्हा भेटून काय झाले ते बोलायचे, एवढीच ती आहे. सोबत चित्रकथांच्या छोट्या पुस्तिका होत्या. चार-पाच भेटींत, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटांत हे होते, आणि केवळ पुस्तिका दिलेल्या मुलांपेक्षा या मुलांच्या अडचणी अधिक हलक्या झाल्याचे दिसून आले. 'बाबा दारू पितात' ही अडचण अकरावीतला मुलगा सोडवू शकत नाही. 'बाबा पिऊन आलेल्या रात्री मी अभ्यास कोठे करावा' ही मात्र सोडवू शकतो, आणि तिथे आपल्या वाचनालयाचे सभागृह रात्री नऊपर्यंत उघडे ठेवणे हाही एक पर्याय असू शकतो.

आइसलँडचेही उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तेथे १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्यात दारूच्या नशेत असल्याचे सांगत होती; २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्यांनी व्यसनमुक्तीच्या भाषणांवर फारसा भर दिला नाही. दरवर्षी मुलांनाच विचारून माहिती गोळा केली, पालकांना मुलांबरोबर वेळ घालवायला प्रवृत्त केले, उशिरा रात्री बाहेर राहण्यावर निर्बंध आणले, आणि खेळ, संगीत, कला यांच्या वर्गांची फी भरण्यासाठी राजधानी रेक्याविकमध्ये कुटुंबांना अनुदान दिले. तो देश छोटा आणि श्रीमंत आहे, त्यामुळे ते जसेच्या तसे आपल्याकडे होणार नाही. पण संघटित खेळ हा चैनीचा विषय मानून खर्चाच्या यादीत शेवटी टाकू नये, एवढे त्यातून कार्यकारिणीला नक्की सांगता येईल.

निवृत्त क्रीडाशिक्षक

गोव्याच्या मित्रांनी सांगितलेली चाचणी मला ठाऊक नव्हती. एक शिक्षक म्हणून ती वाचताना थोडे वाईट वाटले, पण स्वतःचा अनुभव आठवला तेव्हा पटले. तो कॅरमचा मुलगा माझ्या विषयात गुण मिळवण्यासाठी धडपडत नव्हता, कदाचित म्हणूनच माझ्याशी बोलला. गणिताच्या सरांशी बोलला नसता. तेव्हा कार्यकारिणीने त्या मुलीलाच नेमावे, असे माझेही मत आहे.

पैशाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. बहुतेक ठिकाणी ती वर्षअखेरीस घाईघाईने काहीतरी वस्तू वाटून संपवली जाते. आपण आताच लेखी मागणी करावी, ती ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि मागणीत 'क्रीडासाहित्य' असे मोघम न लिहिता कार्यकर्तीचे मानधन, कडी, दिवे, फक्की अशी बाबवार रक्कम लिहावी. मोघम मागणीला मोघम उत्तर मिळते. गावात वर्गणी काढायची असल्यास ती मुलांच्या नाश्त्यासाठी काढावी. शेंगदाण्याचा लाडू आणि केळे यांसाठी लोक आनंदाने देतात, आणि शाळेतून थेट येणाऱ्या मुलांना साडेचारला भूक लागलेली असते, ही गोष्ट आपल्यापैकी कोणाच्याच लिहिण्यात आली नाही.

ग्रामीण रुग्णालयातील समुपदेशिका

नाश्त्याचा मुद्दा अगदी योग्य आहे. चिडचिड म्हणून माझ्याकडे आणलेल्या कितीतरी मुलामुलींनी सकाळपासून काही खाल्लेले नसते.

कार्यवाह महोदय, त्या कार्यकर्तीला आपल्या तालुक्याच्या क्लिनिकमधील समुपदेशकाशी प्रत्यक्ष भेटवून द्या. केवळ क्रमांक देऊ नका. ज्या दिवशी खरी वेळ येईल त्या दिवशी ओळखीच्या माणसाला फोन करणे सोपे जाते. शिवाय पालकांना 'मी बरोबर येते' असे म्हणता आले पाहिजे. रुग्णालयात पाठवलेली निम्मी कुटुंबे केसपेपरच्या खिडकीपासूनच परत फिरतात, कारण तेथे मोठ्याने 'काय होतंय?' असे विचारले जाते आणि मागे अर्धे गाव उभे असते.

ग्रंथालय-कार्यवाह

काल कार्यकारिणीची सभा झाली. समाजकार्याच्या पदवीधर मुलीची एक वर्षासाठी नेमणूक करण्याचे ठरले आहे. दोन्ही शिक्षकांनी खेळ व गृहपाठाचा वेळ सांभाळण्याचे मान्य केले आणि त्यांना मुळीच वाईट वाटले नाही. केंद्र सोमवार, बुधवार, शुक्रवार चालेल, शनिवार फक्त मुलींसाठी असेल, आणि वेळ साडेचार ते सहा राहील. गंभीर प्रसंगी काय करायचे याचा मसुदा समुपदेशिका ताईंच्या उत्तरावरून मी लिहून काढला असून तो ठरावाला जोडला आहे. ग्रामपंचायतीकडे द्यायचा बाबवार अर्ज तयार आहे.

ज्या मुलाबद्दल मी सुरुवातीला लिहिले त्याच्या घरी परवा गेलो होतो. पुस्तकाचा विषय मी काढला नाही; त्यानेच ते कपाटातून काढून दिले आणि दंड किती झाला असे विचारले. दंड माफ केल्याचे मी सांगितले. त्याच्या आईने चहा केला, आणि त्या कठीण महिन्यांत गावातले कोणीच आले नव्हते असे ती बोलून गेली.

मंडपवाला रविवारी बांबू हलवणार आहे. जागा मोकळी झाल्यावर तिची मापे येथे लिहितो. सर, तेवढ्या जागेत आट्यापाट्यांचे मैदान बसेल की लंगडी आणि लगोरीपासून सुरुवात करावी, हे कृपया कळवावे.